चौथ्या वर्षाचा स्वेटर

मला विणकाम येत नाही. तरीही लातूरच्या ज्या मुलींच्या शाळेत मी नोकरी केली, तिथं आठवीच्या मुलींना टोपडं विणायला दहा वर्षं मीच शिकवलं. हातात पुस्तक धरायचं आणि मोठ्यानं वाचायचं, "पहिली सुई सगळी सुलट. दुसरी सुई, दोन सुलट, एक उलट." मुली भराभर विणत आणि माझ्या सुयांवर नुसत्या गाठी होत. एकदा एकीनं धिटाईनं विचारलं होतं, "बाई, तुमचं टोपडं कुणाच्या डोक्यात बसंल हो?" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

त्याच वेळी शेजारच्या खोलीत विणकामाच्या खऱ्या बाई, म्हणजे मठपती बाई, माझ्या वर्गावर बसलेल्या असत. माझा विषय इतिहास. तो त्यांना येत नव्हता, म्हणून त्या मुलींना निजामाच्या काळातल्या लग्नांच्या गोष्टी सांगत. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास आठवडाभर आमची ही अदलाबदल चाले. मुख्याध्यापिकांनी पहिल्या वर्षी कारण विचारलं. मठपती बाई म्हणाल्या, "टोपडं सोडून काय बी सांगा, शिकवते." पुढं कुणी विचारलं नाही. कारण मला ठाऊक होतं. आता बाई नाहीत, तेव्हा ते लिहायला हरकत नाही.

मी शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. बी.ए. झाले आणि लातूरच्या शाळेत लागले, तेव्हा वडील माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन एस.टी.तून उतरले. त्यांना एकच काळजी होती. एकटी पोरगी राहणार कुठं? शाळेतल्या शिपाईमामांनी गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतलं मठपती बाईंचं घर दाखवलं. बाई ओट्यावर बसून विणत होत्या. वडिलांनी नमस्कार केला, तर त्यांनी हातातली ओळ पुरी करून मगच वर बघितलं. म्हणाल्या, "कांदा-लसूण चालतो. मटन चालत न्हाई. सात वाजता दाराला कडी. आन पोरगी माझ्या संगं शाळेत जाईल, माझ्या संगं येईल." वडिलांनी पेटी तिथंच खाली ठेवली. गावाकडं जाऊन आईला ते म्हणाले म्हणे, की पोरीला तिकडं दुसरी आई भेटली.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. ठेंगण्या, काळ्यासावळ्या. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. विणताना खाली वाकल्या की ती डबी सुयांना लागे, म्हणून ती त्या पाठीवर टाकत. लोकरीचा गुंडा पितळेच्या तांब्यात ठेवायची त्यांची पद्धत होती. गुंडा आत गरागरा फिरे, बाहेर घरंगळत नसे. शाळेतही तो तांब्या टेबलावर असायचा. नवीन कुणी पाहुणं आलं की त्याला पाणी समजून हात घाली, आणि बाईंना त्यात फार गंमत वाटे.

नवरा लवकर गेला. भुसार मालाचं दुकान दिरांकडं गेलं. एकुलती मुलगी गिरिजा, तिला घेऊन बाई उदगीरहून लातूरला आल्या. विणकाम त्यांना उदगीरला बदलीवर आलेल्या एका साहेबाच्या बायकोनं शिकवलं होतं. त्याच्या जोरावर परीक्षा दिली, नोकरी मिळवली. हे सगळं मी त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं. स्वतःविषयी सलग बोलायची त्यांना सवय नव्हती.

बाई पुस्तकातली वीण कधी विणत नसत. एकदा शाळेत पुण्याकडच्या एक पाहुण्या बाई आल्या. त्यांनी मासिकातला गुलाबाचा नमुना दाखवला आणि मुलींना हा शिकवा म्हणाल्या. मठपती बाईंनी तो हातात घेऊन नीट बघितला, वाखाणला, परत दिला. मग वर्गाला विचारलं, "पोरींनो, गुलाब कुणाच्या दारात हाय गं?" एकही हात वर झाला नाही. "बाभूळ कुणाच्या वाटंवर हाय?" सगळे हात वर. त्या तासाला मुलींनी बाभळीची शेंग विणली. बाभळीची शेंग कधी नीट बघितली असेल तर कळेल, मण्यांची माळच असते ती. दोन मण्यांच्या मधे कंबर बारीक. ती बारीक कंबर लोकरीत आणायला बाईंनी सुई कशी फिरवली ते मला सांगता येणार नाही, पण फळ्याला टांगलेल्या त्या तुकड्याकडं बघत पाहुण्या बाई बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्यांचा गृहपाठ एकच असे. उद्या येताना एक वस्तू नीट बघून या. पाचवीतली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, की तिला काहीच दिसलं नाही. बाईंनी विचारलं, "सकाळी भाकर खाल्लीस का?" हो म्हणाली. "मग तिच्यावरले डाग कुठं बसले होते ते सांग." मुलीनं हवेत बोटानं गोल काढला, त्यात डाग दाखवले. बाईंनी तिच्यासमोर बसून तेच डाग करड्या लोकरीवर तपकिरी लोकरीनं उठवले.

गल्लीतून चालताना त्या मधेच थांबत. भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या, त्यांवर उमटलेली पाच बोटं. तुरीला फुलं आली की पिवळ्यात लालसर रेघा. उसाच्या पेराला पेर. अर्धापूरला एका लग्नाला गेलो होतो, तिथं वाऱ्यानं फाटलेली केळीची पानं बघत त्या इतक्या रमल्या की अक्षता टाकायच्या राहिल्या. घरी येऊन हातभर तुकडा विणायचा, तो जमला की दोन दिवस समोर ठेवायचा आणि तिसऱ्या दिवशी उसवून लोकर परत गुंड्यावर. मला हळहळ वाटे. ठेवा ना बाई, म्हटलं की म्हणत, "डोक्यात ऱ्हातंय की. लोकर काय लई हाय का आपल्याकडं?" त्यामुळं त्यांच्या हातचे शेकडो नमुने मी बघितले, आणि दाखवायला आज एकही नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला.

त्याच्याविषयी आमच्या पिढीनं खूप लिहिलंय, म्हणून मी थोडंच लिहिते. शाळेतल्या मुली कमी होत गेल्या, कारण आईबरोबर खडी फोडायला जायच्या. शिल्लक मुलींना दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी वाटपाचं गोड कोरडं पीठ, मिळे. घराघरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आली, ती तव्यावर टाकताना तुटे. वडील मला न्यायला आले. म्हणाले, शहरात पाणी नाही, गावाकडं निदान विहिरीचा गाळ तरी आहे. बाईंनी त्यांना घोटभर चहा दिला आणि विचारलं, "गावाकडं जाऊन ही काय करणार?" वडील म्हणाले, करंल खडीचं काम, आमच्या संगं. बाई म्हणाल्या, "पंधरा वर्षं शिकली ती खडी फोडायला का? माझ्या वाटणीच्या दोन घागरीतली एक तिची." वडील एकटेच परत गेले. त्या वर्षी मी नोकरी सोडली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे मला आजही स्वच्छ दिसतं.

बाईंचं विणणं त्या वर्षीही थांबलं नाही. नवी लोकर आणायची नाही असं त्यांनी ठरवलं. जुने स्वेटर उसवायचे आणि तेच विणायचं. उसवलेली लोकर नागमोडी होते. एरवी ती धुऊन, ओली असताना खाली वजन बांधून वाळवतात, म्हणजे सरळ होते. पण धुवायला पाणी कुठलं? बाईंनी ती तशीच विणायला घेतली. वीण खडबडीत येई, एक टाका वर, एक खाली. मी म्हटलं, वाकडं दिसतंय. त्या म्हणाल्या, "औंदा सरळ काय हाय?" त्या लोकरीत त्यांनी घागरींची रांग विणली, शेतातल्या भेगा विणल्या, खडीच्या ढिगांपुढं बसलेल्या बायकांच्या पाठी विणल्या. मिलोचे लाल दाणे विणले. सगळं बघितलं आणि सगळं उसवलं.

त्याच उन्हाळ्यात गिरिजा बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, तशी रीत. तिला उदगीरला दिलं होतं. जावई सरकारी कचेरीत कारकून होते. गिरिजा माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हसरी, आईसारखीच ठेंगणी. आमच्या दोन घागरीत आता तिघी झालो. बाई स्वतः आंघोळ दिवसाआड करू लागल्या आणि गिरिजाला रोज तांब्याभर जास्त देऊ लागल्या.

गिरिजाच्या आठव्या महिन्यात मठाचे स्वामी घरी आले. लिंगायतांत बाळ पोटात असतानाच त्याचं लिंग आणून आईच्या हाती देतात. ती स्वतःच्या लिंगाबरोबर त्याचीही पूजा करते, आणि बाळ जन्मलं की ते त्याच्या गळ्यात जातं. तो विधी झाला, स्वामी गेले. संध्याकाळी बाई अंगणातल्या कडुनिंबाखाली बसल्या होत्या. दुष्काळातही तो कडुनिंब फुलला होता. बारीक पांढरी फुलं ओट्यावर, अंथरुणावर, बाईंच्या केसांवर पडत होती. त्यांनी एक फूल तळहातावर घेऊन खूप वेळ बघितलं. मग आतून पांढरा सुती दोरा आणला आणि टाके घातले.

दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की हा नेहमीचा चौकोन नाही. ते गोल वळत होतं. टोपडं होतं.

आमच्याकडं जन्माआधी बाळाचं काही करत नाहीत. कापड आणत नाहीत, पाळणा बांधत नाहीत, नाव तर काढतच नाहीत. ही रीत शेतकऱ्यांत आहे, लिंगायतांतही आहे. बाईंनाही ती ठाऊक होती. माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "आगं, लिंग आधी येतं. देव आधी येतो, त्याला चालतं. मग टोपड्यानं काय घोडं मारलंय?" त्या हसल्या. खरं म्हणजे मला ते टोपडं फार आवडलं होतं. त्या भेगाळलेल्या वर्षात तेवढी एकच गोष्ट नवीन दोऱ्याची होती.

बाळ दिवस पुरते भरायच्या आधी आलं. मुलगा होता. लहानखुरा, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावेल एवढा. नवव्या दिवशी तो गेला. दवाखान्यात म्हणाले, अशक्त होता. माती देताना टोपडं त्याच्या डोक्यावरच होतं.

गिरिजा सासरी जायला निघाली त्या दिवशी मी घागर घेऊन दारात होते. ती भिंतीला टेकून बसली होती. बाई तिची पिशवी भरत होत्या. गिरिजा आईकडं न बघता म्हणाली, "आई, तू आधीच का विणलंस?"

बाईंचा हात पिशवीत तसाच राहिला. जावई टांगा घेऊन आले आणि ती गेली.

त्या दिवसापासून बाईंनी लहान बाळाचं काही विणलं नाही. स्वेटर, शाली, मफलर, सगळं चालू होतं. गल्लीतल्या बायका टोपडं-मोजे मागायला येत, तर बाई सांगत, "त्या मापाच्या सुया माझ्याकडं न्हाईत." बायका हसत आणि जात. सुयांना टोपड्याचं वेगळं माप नसतं, हे मलाही कळत होतं. आठवीच्या अभ्यासात टोपडं होतं, त्याचं काय करायचं? एका रात्रीच्या जेवणात त्यांनी मला विचारलं, "कमल, आठ दिवस माझा वर्ग घेशील?" मी घेतला.

दोन वर्षांनी उदगीरहून कार्ड आलं. जावयांच्या अक्षरात होतं. "मुलगी झाली. दोघी खुशाल." या, असं नव्हतं. बाळंतपण सासरीच झालं होतं. बाईंनी ते कार्ड चार वेळा वाचून घेतलं, माझ्याकडून आणि स्वतःही. पुढं मुलगा झाला, तेव्हाही तसंच कार्ड. दोन्ही वेळा बाई गेल्या नाहीत असं मला वाटत होतं. फार नंतर त्यांनी सांगितलं, की मुलीच्या वेळी त्या डिंकाचे लाडू घेऊन उदगीरपर्यंत गेल्या होत्या. स्टँडवर दोन तास बसल्या. "पाय उचलंना. तिनं बोलावलं न्हाई, मी कोणत्या तोंडानं जाऊ? पुन्हा कायबाय झालं तर?" मग त्याच गाडीनं परत. लाडू कंडक्टरच्या लेकरांना दिले.

या दहा वर्षांत मी बाहेरून एम.ए. केलं. कंदिलाशेजारी मी वाचत बसे आणि समोर बाई विणत बसत. मला झोप आली की त्या म्हणत, "तू एक पान वाच, मी एक सुई विणते. बघू कोण मागं पडतंय." मागं मीच पडत असे. पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, पण त्यातली अर्धी जाग त्यांची आहे.

मग लातूर जिल्हा झाला. त्या दिवशी गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नव्हती. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले, फटाके उडाले, आता दरेक कागदाला उस्मानाबाद गाठायला नको म्हणून लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. बाई मला घेऊन फिरल्या. त्यांना दिसल्या त्या पाट्या. जुन्या पाट्यांवर ओला रंग देऊन नवीन अक्षरं, रंग वाळायच्या आतच लोक खाली उभे राहून वाचत होते. "नवा जिल्हा म्हंजे काय गं कमल? जुन्या भिंतीवर नवी अक्षरं," असं म्हणून त्यांनी आठ दिवसात निळ्यावर पांढरी अशी एक वीण बसवली. खालचा जुना रंग मधून मधून दिसेल अशी.

नवीन कचेऱ्यांसाठी माणसं हवी होती. त्यात गिरिजाच्या नवऱ्याची बदली लातूरला झाली. स्टेशनकडं त्यांनी दोन खोल्या घेतल्या. आमच्या घरापासून चालत अर्धा तास.

दसऱ्याला गिरिजा सोनं द्यायला आली. दोन्ही लेकरं बरोबर होती. उमा सात वर्षांची, शिवा त्याहून लहान. गिरिजाला पुन्हा दिवस गेले होते. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पाहुणी बसते तशी. बाईंनी लेकरांच्या हातावर साखर ठेवली. दोघी मायलेकी पाण्याच्या नळाविषयी बोलल्या, घरमालकाविषयी बोलल्या. ती गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "उमाचा गळा बघितलास? माझ्यासारखा आखूड हाय. तिला बंद गळ्याचं बसायचं न्हाई." तेवढंच.

माघात गिरिजा दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. यावेळी जावई स्वतः सांगायला आले. बाळंतविडा माहेरचा, तो न्यायलाच हवा. बाई बाजारात गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतलं मशीनवरचं टोपडं, झबलं, मोजे असा तयार संच विकत आणला. आम्ही दोघी दवाखान्यात गेलो.

गिरिजा उशीला टेकून बसली होती. बाईंनी पिशवी तिच्या पायाशी ठेवली. तिनं ती उचलून उलटसुलट बघितली.

"दुकानातलं?"

"चांगलं हाय. मऊ हाय," बाई म्हणाल्या.

मग गिरिजा हळू आवाजात बोलली, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली. "सगळ्या लातूरला स्वेटर घातलेस आई. माझ्या लेकरांना एक धागा न्हाई. उमाच्या वेळी वाट बघितली, शिवाच्या वेळी वाट बघितली. आईला काय कुणी बोलावणं धाडतं का? दहा वर्षं झाली. अजून राग गेला न्हाई तुझा?"

"माझा राग?" बाईंनी विचारलं.

"न्हाई तर कुणाचा?"

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "गिरजे, तूच म्हणली होतीस. आधीच का विणलंस म्हणून."

"मी?" गिरिजाच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. ती आठवून बघत होती, आणि तिला सापडत नव्हतं. "मी कवा म्हणलं असं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या खोलीत साक्षीदार मी एकटीच होते. मी तोंड उघडलं, तर त्यांनी मान किंचित हलवली.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मलाबी नीट आठवत न्हाई."

त्यांना सगळं आठवत होतं. वार आठवत होता, पिशवीतल्या साडीचा रंग आठवत होता. पण ज्या पोरीनं नऊ दिवसांचं लेकरू मातीत ठेवलं, तिनं त्या आठवड्यात काय म्हटलं ते तिला कुठून आठवणार? ती काय काय विसरली असेल म्हणून तर जगली. एवढं त्यांना त्या खाटेवर बसल्या बसल्या कळलं असावं. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. मग अंगठा आणि करंगळी ताणून त्याच्या डोक्यावर वीत टेकवली, आणि ती टेकवतानाच त्यांचे खांदे हलायला लागले. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

परत येताना वाटेत त्यांनी पांढरी लोकर घेतली. चार दिवसात त्या बाळाचं टोपडं झालं, मोजे झाले. गिरिजानं तेच घालून बारसं केलं.

पुढच्या जूनमध्ये मला नांदेडच्या महाविद्यालयात नोकरी लागली. निघताना बाईंनी मला एक शाल दिली आणि म्हणाल्या, "आता तू मोठ्या पोरींना शिकवणार. त्यांनाबी सांग, येताना कायतरी बघून या म्हणावं." मी रडले, त्या नाही रडल्या.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला लातूरला गेले. ती आमची शेवटची भेट. महिन्याभरानं गिरिजाचं पत्र आलं, ते मी वर्गात जायच्या आधी फोडलं आणि त्या दिवशी वर्ग घेतला नाही. पण मला त्या पत्रापेक्षा ती दुपारच जास्त आठवते.

बाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. पाय सुजले होते, बोलताना दम लागत होता. बोटं इतकी सावकाश चालत होती, की टाका सुईवरून उतरताना मला दिसत होता. शेजारी बाजेवर तीन लहान स्वेटर एकाशेजारी एक मांडलेले होते. पहिला वीतभराचा, दुसरा त्याहून मोठा, तिसरा आणखी मोठा. मला वाटलं, धाकटीसाठी पुढच्या वर्षांची तयारी आहे. बाई म्हणाल्या, "न्हाई गं. हे उमाचे."

उमा तिथंच होती. आठ वर्षांची, लांब हातापायांची झाली होती. शाळा सुटली की रोज आजीकडं येई. ती हसत म्हणाली, "आजी माझ्या बाहुलीला विणतीय मावशी."

"बाहुलीला कशाला? तुलाच. तवाच्या तुला," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला एकेक हातात दिला. पहिला उमाच्या पहिल्या वर्षाचा. त्या वर्षी ज्वारीची कणसं हातभर आली होती, तीच छातीवर होती. दुसऱ्या वर्षी गारपीट झाली. गारा पांढऱ्या गाठींनी पाठीवर पडल्या होत्या. तिसऱ्या वर्षी गल्लीत नळ आला होता आणि त्या नळाखाली भरलेल्या घागरी काठावर गोल फिरत होत्या. मी ते मांडीवर घेऊन बसले. घालायला कुणी नव्हतं. ती तीन वर्षांची मुलगी आता कुठंही नव्हती, आणि जी समोर उभी होती तिला त्यातून नुसता हातही घालता आला नसता.

मी विचारलं, गिरिजा येते का? "येते. रोज येते. नुसती बसती. म्या बी बसते." मग म्हणाल्या, "ती म्हणते, आई, हे कशाला? कुणाला येणार? मी म्हणलं, असू दे."

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, आता आहे तेवढ्या उमाला विणा ना. आजच्या मापाचा. ती हा हिवाळा घालेल.

"विणीन की. आधी मागचं संपू दे," त्या म्हणाल्या. "मी अजून चौथ्या वर्षात हाय."

सुईवर टाके घातलेले होते, खालची पट्टी झाली होती. त्याच्या वर काही नव्हतं. बाई सुया मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांचे डोळे मला पहिल्यांदाच भांबावलेले दिसले.

"कमल, तिच्या चौथ्या वर्षी काय झालं होतं गं? तू इथंच होतीस ना? पाऊस कसा होता? काय पिकलं होतं? मला काय बी आठवंना झालंय. तीन दिवस झाले, नुसती पट्टी विणून बसलेय."

मी आठवून बघितलं. त्या वर्षी मी त्यांच्याच घरात होते, त्यांच्याच कंदिलाशेजारी वाचत होते. परीक्षेचे विषय आठवले. बाकी काही आठवलं नाही. पाऊस आठवला नाही, पीक आठवलं नाही. आणि त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी म्हटलं, "करडई, बाई. त्या वर्षी करडई लई झाली होती. औशाच्या रस्त्यानं दोन्ही अंगाला पिवळं दिसत होतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मी नजर खाली वळवली. मग त्या म्हणाल्या, "करडई काय? बरं," आणि पिवळ्या लोकरीचं टोक शोधायला तांब्यात हात घातला.

माझी अहमदपूरमार्गे नांदेडची गाडी चारला होती. मी पाया पडले. त्या टाके मोजत होत्या, म्हणून बोलल्या नाहीत, डावा हात तेवढा माझ्या डोक्यावर ठेवला. गल्लीच्या वळणावरून मी मागं बघितलं. उमा त्यांच्यापुढं उकिडवी बसून दोन्ही हातांनी लोकर धरून होती, आणि बाई मान खाली घालून करडईच्या काटेरी बोंडाचा पहिला काटा विणत होत्या.